पागुमेच्या पाच गोळ्या

अदिस अबाबा, हिदार ३

गाशे,

तुम्ही कसे आहात? घरी एतेते बेलाय्नेश कशा आहेत, त्यांचे गुडघे कसे आहेत, कोंबड्या कशा आहेत? मी देवाच्या दयेनं बरी आहे. झाली सगळ्यांची विचारपूस, आता मला बोलू द्या. नऊ वर्षं औषधांच्या खिडकीत तुमच्या शेजारी स्टुलावर बसले, पण एकदाही मला सलग दोन वाक्यं बोलू दिली नाहीत तुम्ही.

आमचा कॉम्प्युटरचा वर्ग चौथ्या मजल्यावर भरतो. लिफ्ट आहे, पण वीज नसते. आम्ही बावीस जण, त्यात सगळ्यात थोराड मी. पहिल्या दिवशी एक मुलगी दारात थबकून, मला झाडूवाली ताई समजून म्हणाली, "एतेते, फरशी पुसून झाली का? आम्ही बसू का?" मी म्हटलं, "बस बाई, पण पाय वर घे," आणि तिच्याच शेजारी वही काढून बसले. बिचारीचे कान लाल झाले. आता तीच माझ्यासाठी जागा धरते.

शिकवतो तो मेहारी. माझ्याहून लहान आहे, पण बोलतो तुमच्यासारखा, कमी आणि तिरकं. तो म्हणतो, पडद्यावर दिसतं ते रंगकाम, ते दुसरे करतील. आपण शिकायचं ते आतलं. सर्व्हर म्हणजे कुठल्याशा खोलीत कायम चालू असलेलं मशीन. त्यात छोटे छोटे कंपोनंट बसवायचे, प्रत्येकाला एकच काम. एक तारीख काढतो, एक साठा मोजतो, एक नाव तपासतो. बाहेरून प्रश्न आला की उठायचं, उत्तर द्यायचं, पुन्हा गप्प. मला हे लगेच कळलं, कारण आपली खिडकी तशीच आहे. लोकांना दिसतो तुमचा हात आणि औषध. आतलं कपाट, रजिस्टर आणि तुमची कुरकुर कुणाला दिसते?

एक गोष्ट मात्र पचनी पडत नाही. मेहारी म्हणतो, चांगला कंपोनंट तो, ज्याला आधीचं काही आठवत नाही. समोर आलेल्याचं काम करायचं आणि विसरायचं. म्हणजे हजार माणसं एकदम आली तरी तो अडत नाही. मी हात वर केला. म्हटलं, "सर, आमच्या गावी एक औषधवाले आहेत. त्यांना फिट्सच्या बेचाळीस रुग्णांची नावं, त्यांच्या आया, त्यांच्या गाई, सगळं पाठ आहे."

"मग ते हजारांना पुरणार नाहीत," मेहारी म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण नंतर जिवाला लागलं.

निघताना दिलेली कोलोच्या भाजक्या दाण्यांची पिशवी संपली. तुमचं वाक्य अजून आहे: "या खिडकीत तुझे केस पिकतील, ऊठ." माझा अर्जसुद्धा तुम्हीच भरलात, तोही रागावून.

कॅलेंडरची संपलेली पानं खणात ठेवताय ना? वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, नेहासेत, पुड्या बांधायला मी नसेन. एतेतेंना बसवा, त्यांची घडी माझ्यापेक्षा बरी पडते.

तुमची अस्काले


अदिस अबाबा, मेगाबित १७

गाशे,

विचारपूस केली असं समजा, कारण मला दम धरवत नाही. नोकरी लागली! मेहारीच्याच कंपनीत, सहा महिने परीक्षेवर. आणि पहिलं काम कुठलं, सांगा? सरकारी दवाखान्यांत दरमहा औषधं वाटायचा प्रोग्रॅम. आपला दवाखाना यादीत आहे. पुढच्या महिन्यात, मियाझियात, तुमच्या खिडकीत कॉम्प्युटरचा पडदा बसेल. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, आत मी आहे.

माझ्याकडे 'पुढची तारीख' हा कंपोनंट आहे. रुग्ण आज आला, तर आज किती गोळ्या द्यायच्या आणि परत कधी बोलवायचं, ते तो सांगणार. साठ्याचा कंपोनंट त्याचं ऐकून तेवढ्याच गोळ्या वजा करणार. ही दोन्ही कामं एका गाठीत बांधलेली. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. अर्धवट काही उरू द्यायचं नाही, हे मेहारीनं आमच्याकडून इतकं घोकून घेतलंय की मी चहात साखर घालतानाही दोनदा बघते.

परक्यांच्या कॅलेंडरवर हे काम करणाऱ्यांची मला कीव येते. कुठे अठ्ठावीस दिवस, कुठे एकतीस. आपलं कसं सरळ आहे! बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा. गोळ्याही तीस. पुढच्या महिन्यात तीच तारीख, की झालं. शेवटी पागुमेचे पाच दिवस उरतात, चौथ्या वर्षी सहा, पण त्यांना महिना कोण म्हणतं? त्यांचा पगार नाही, त्यांचं घरभाडं नाही. माझा अख्खा नियम एका ओळीत बसला. बाराही महिन्यांवर तपासला, बाराही वेळा 'बरोबर' म्हणून हिरवं आलं. मेहारीनं पाहिलं, एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, त्यानं मान हलवली.

"एका ओळीत?" फरशीवाली मुलगी म्हणाली. तिलाही इथेच घेतलंय, आणि तिची चार पानं झाली होती.

मी म्हटलं, "नऊ वर्षं खिडकीत बस, तुझीही एकाच ओळीत होईल." गाशे, मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. हे तुम्हालाच सांगू शकते, दुसरं कोण हसणार नाही?

तुमची अस्काले


अदिस अबाबा, तिकिम्त २१

आदरणीय गाशे वुबशेत यांना,

आपण व आपल्या घरची मंडळी सुखरूप असाल अशी आशा आहे. नवं वर्ष लागून दीड महिना झाला, पत्र लिहायला उशीर झाला. इथे काम फार असतं.

आपण दवाखाना सोडलात असं कानावर आलं. वाईट वाटलं. साठ्याच्या तपासणीत फिट्सच्या गोळ्यांच्या दहा-दहाच्या एकवीस पट्ट्या कमी भरल्या, म्हणून चौकशी झाली, असंही कुणी बोललं. लोक काय, काहीही बोलतात. मी लक्ष देत नाही. जिल्हा कचेरीतून आमच्या कंपनीतही फोन आला होता म्हणे. कुणी घेतला ठाऊक नाही, इथे दिवसभर फोन वाजत असतात.

मी कायम झाले. आपला आशीर्वाद असावा.

सोबत कॉफीच्या बिया पाठवते आहे. एतेते बेलाय्नेश यांच्या हातच्या कॉफीची फार आठवण येते.

आपली,
अस्काले


अदिस अबाबा, ताहसास १२

गाशे,

बिया परत आल्या. पाकीट न उघडता परत पाठवलंत. ठीक आहे. टाकून दिल्या असत्यात तर एक वेळ चाललं असतं, पण परत? इतकी परकी झाले मी? तीन दिवस मी रागात होते. कुणाशी धड बोलले नाही, फरशीवालीशीसुद्धा भांडले. चौथ्या दिवशी राग उतरला आणि मग काही उरलंच नाही धरून बसायला.

फोन मी घेतला होता.

कचेरीतला माणूस मोठ्यानं बोलत होता, मागे खुर्च्या सरकत होत्या, तुम्ही तिथेच असाल कदाचित. तो म्हणाला, "हे वुबशेत म्हणतात, पागुमेसाठी प्रत्येकाला पाच गोळ्या जास्तीच्या द्यायची पद्धत आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये असं काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. आणि ते खरं आहे, गाशे. प्रोग्रॅममध्ये तसं काही नाही. नेहासेच्या दोन तारखेला तीस गोळ्या, मग नव्या वर्षी मेस्केरेमच्या दोन तारखेला या. मधे पागुमे येतो, म्हणजे पस्तीस दिवस झाले, हे त्या ओळीत कुठेच नाही. त्यानं विचारलं ते मी सांगितलं. न विचारलेलं माणसानं किती सांगत बसावं? परीक्षेची नोकरी होती माझी.

हे असं रोज मनाशी बोलते. बोलताना पटतं. मग तुमच्या त्या पुड्या डोळ्यांसमोर येतात, संपलेल्या महिन्यांच्या पानांच्या, बेचाळीस, ओळीनं खणात मांडलेल्या. त्यातल्या निम्म्या तर मी बांधलेल्या असायच्या.

उत्तर नका देऊ. पण पाकीट परत पाठवू नका.

अस्काले


अदिस अबाबा, मेस्केरेम ९

गाशे,

काल एतेते बेलाय्नेशनी फोन केला. तुम्हाला न सांगता केला, त्यांच्यावर चिडू नका. त्या रडत नव्हत्या. एक एक सांगत गेल्या, आणि मी जिन्यात पायरीवर बसून ऐकत राहिले.

नुकत्याच सरलेल्या नेहासेत तुमच्या जागी बसलेल्या बाईनं पडदा सांगेल तेवढंच दिलं. तीस. तिचा काय दोष? तुमचं काय झालं हे बघूनच ती त्या खुर्चीत बसली होती. तुम्ही शहरातून स्वतःच्या पैशानं गोळ्या आणल्यात, पानं फाडलीत, पुड्या बांधल्यात, आणि पावसात बेचाळीस घरं चाललात. एकेचाळीस जणांनी घेतल्या. काहींनी दार अर्धंच उघडून घेतल्या, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

त्रुवर्कनं घेतली नाही. मेकलितच्या आईनं. दारात उभी राहून म्हणाली, "चोराच्या हातचं माझ्या लेकीला नको." तुम्ही पुडी कुंपणाच्या भिंतीवर ठेवलीत आणि पुढच्या घरी गेलात.

मग पागुमे आला. पहाटे ओढ्यावर अंघोळ केली की वर्षाची इडापिडा जाते, म्हणून सगळा गाव जातो, आणि फिट्सवाल्यांना तर आवर्जून नेतात. पागुमेचा पाचवा दिवस. मेकलितच्या गोळ्या संपून तीन रात्री झाल्या होत्या. आई काठावर कोरडे कपडे धरून उभी होती. पाणी मांडीएवढंच होतं, एतेते म्हणाल्या. मांडीएवढंच.

मेकलित सतरा वर्षांची होती ना? पहिल्यांदा खिडकीत आली तेव्हा तिचं डोकं कट्ट्याच्या वर येत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "अस्काले, कोण बोलतंय बघ, मला तर नुसते केस दिसतायत." ती उड्या मारायची.

आता उरलेलं ऐका. ताहसासमध्ये मी तुम्हाला अर्धंच लिहिलं होतं.

त्या माणसानं आणखी एक विचारलं होतं. "तुम्ही स्वतः त्या दवाखान्यात नऊ वर्षं होता, असं वुबशेत म्हणतात. अशी पद्धत होती का?" म्हणजे तुम्ही माझं नाव घेतलं होतंत. तुम्हाला खात्री होती. मेहारी समोरच्या टेबलाशी होता, माझी परीक्षा संपायला चार दिवस होते, आणि हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग तुम्हाला माहीत असून प्रोग्रॅममध्ये का नाही?

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

आणि आठवत तर होतं. लिहितानाच आठवलं होतं. मेगाबितच्या पत्रात मी लिहिलं होतं ना, मेहारीनं एक प्रश्न विचारला? तो प्रश्न हाच होता. "आणि पागुमे?" मी म्हटलं, "ते कोडमध्ये नको, सर. तिथे गाशे आहेत." मला वाटलं, मी तुमचं कौतुक करतेय.

तुम्ही आहात म्हणून मी ते लिहिलं नाही. आणि मी ते लिहिलं नाही म्हणून तुम्ही राहिला नाहीत. आणि तुम्ही चोर ठरलात म्हणून एका आईनं औषध परत केलं. आता सांगा, गाशे, त्या पोरीला कुणी मारलं? मला झोप नाही, अन्न जात नाही. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

अस्काले


अदिस अबाबा, हिदार १४

गाशे,

तुमचं पत्र आलं. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेलं, सात ओळी. भीतीनं पाकीट रात्रीपर्यंत उघडलं नाही. वाचून झाल्यावर मला आधीच्या भीतीचं हसू आलं, कारण तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्याच ओळी इथे उतरवते, म्हणजे मी त्या नीट वाचल्या हे तुम्हाला कळेल.

"अस्काले, यंत्रात काय लिहायचं ते लिही, नेहासेत पस्तीस कर. माझ्या नावाचं राहू दे. मी चोर नव्हतो हे गावाला कळलं, तर त्रुवर्कलाही कळेल. मग तिला हे कळेल, की तिनं दारातून काय परत केलं. ते तिला झेपणार नाही. मला चोर म्हणवून घेणं झेपतं. तिला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

तुम्हाला उशीर झाला. तुमचं पत्र शुक्रवारी आलं आणि मी बुधवारी जिल्हा कचेरीत जाऊन सगळं लिहून, सही करून आले होते. पुड्या कशा बांधायचो, किती, कधीपासून, फोनवर मी काय बोलले, काय गिळलं. कारकुनानं विचारलं, "बाई, हे मागे घ्यायचंय का? अजून शिक्का मारला नाही." मी म्हटलं, "मारा." मेहारीनं शिकवलंय, एकदा पक्कं झालेलं काम परत फिरवता येत नाही. त्याच्यापुढे नवीन काम करावं लागतं, बस.

मेहारीलाही सांगितलं. मला वाटलं, आता हा मला जिन्याची वाट दाखवतो.

"मान मीही हलवली होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "दुरुस्त करायला बसू नकोस लगेच. आधी चुकणारी टेस्ट लिही. चूक पडद्यावर लाल दिसू दे."

म्हणून मी लिहिलं: रुग्ण नेहासे दोनला आला, पुन्हा मेस्केरेम दोनला येणार, किती गोळ्या द्यायच्या? आणि माझ्या कंपोनंटनं मला सांगितलं, तीस. लाल पट्टी आली. दीड वर्ष तो हेच सांगत होता, अगदी शांतपणे, विचारेल त्याला. मी उठून तोंड धुऊन आले आणि मग दुरुस्त केलं. एका ओळीच्या अकरा ओळी झाल्या. सहा दिवसांच्या पागुमेचीही सोय केली. आता तो महिने मोजत नाही, रात्री मोजतो. प्रत्येक रात्रीला एक गोळी.

वरच्या साहेबांनी मला तीन महिने कोडला हात लावायला बंदी केली आहे. कागद लावते, चहा आणते. फरशीवाली मुलगी स्वतः उठून माझ्या हातातून कप घेते, तेव्हा जास्त लाज वाटते.

चौकशी समितीनं तुम्हाला पत्र पाठवलंय असं कळलं, नाव साफ झाल्याचं, कामावर परत या म्हणून. आणि एतेते म्हणतात, तुम्ही ते घडी करून पुड्यांच्या खणात टाकलंत आणि कुणाला दाखवलं नाही. गाव अजून तुम्हाला चोरच म्हणतो. तुमचा हट्ट मला ठाऊक आहे. पण हे न्यायाचं आहे का? तुम्ही आयुष्यभर मान खाली घालून चालायचं, आणि माझी सही कुठल्या तरी फायलीत पडून राहायची?

तुमचं ऐकते आहे, कारण ऐकायचा हक्क तेवढाच उरलाय मला. त्रुवर्कला मी होऊन सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर मला पुन्हा "आठवत नाही" म्हणता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

अस्काले


दवाखाना, औषधांची खिडकी, नेहासे २

गाशे,

हे पत्र दवाखान्याच्या झाडूवाल्या झेनेबेचच्या हाती देतेय. ती झाडू टाकून पळत येईल. तिला थांबवू नका, पाणी देऊ नका, आधी हे वाचा.

मी सकाळपासून इथे आहे. रजा घेऊन आले. मेहारी म्हणाला, "इथूनच बघ ना सर्व्हरवर, किती वाटल्या ते दिसेलच." मी म्हटलं, मला डोळ्यांनी बघायचंय. नवीन बाईंनी मला माझं जुनं स्टूल दिलं. पहिला रुग्ण आला, नाव घातलं, पडद्यावर आलं: पस्तीस. तीन पट्ट्या आणि अर्धी. त्या माणसानं गोळ्या मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पुडी नाही?" मी म्हटलं, "आता आतच आहेत." त्याला बरं वाटलं नाही. पुडीच हवी होती त्याला.

तेवीस जण झाले. चोविसावी त्रुवर्क होती.

ती रांगेत उभी होती, गाशे. तिला काही घ्यायचं नव्हतं, तरी क्रमानं आली. पांढऱ्या नेतेलाच्या पदराच्या गाठीतून तिनं पुडी काढली आणि कट्ट्यावर ठेवली. मेगाबितचं पान. भिजून वाळलेलं, पण घडी जशीच्या तशी.

"पाच आहेत," ती म्हणाली. "मी उघडली नाही. पण वुबशेतच्या पुडीत पाचच असतात."

मी स्टुलावरून उठले.

"त्याच दिवशी संध्याकाळी भिंतीवरून आत आणली होती," ती म्हणाली. "पिठाच्या डब्यामागे ठेवली. पागुमे लागला तेव्हा दोनदा हात घातला मागे. मग म्हटलं, नको. सरकारच्या पडद्यानं तीस सांगितल्यात, पडदा कशाला खोटं बोलेल? चोर खोटं बोलतो." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "अस्काले, आज पस्तीस देतायत म्हणे. मग तेव्हा तीस कशा होत्या? तो पडदा लिहितं कोण?"

नवीन बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "मी. मी लिहिला, एतेते. पुड्या मला माहीत होत्या. मला विचारलं तेव्हा आठवत नाही म्हटलं. गाशेंनी एक गोळी चोरली नाही. तुमच्याकडून काही चुकलं नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

मला वाटलं ती ओरडेल, थुंकेल, खाली बसेल. ती कट्टा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "चोर नाही, हे मला पोरीला मातीत ठेवलं तेव्हाच कळलं होतं. मातीला तो सगळ्यांच्या मागे उभा होता. चोर येत नाही असा. वर्ष झालं, रस्त्यात भेटलो की तो खाली बघतो, मी खाली बघते. मला वाटायचं, तो मला बघून खाली बघतो. माझी शरम वाटून."

मी म्हटलं, "नाही, एतेते. तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्हाला झेपणार नाही म्हणून."

"मूर्ख आहे," ती म्हणाली. आणि मग रडली, गाशे. कट्ट्यावर डोकं टेकून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. एरवी रांगेत कुरकुरणारी माणसं, पण कुणी हललं नाही.

डोळे पुसून तिनं पुडी परत उचलली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तुला नाही. ज्याची आहे त्याला देणार." मला तिनं क्षमा केली नाही. एक शब्द बोलली नाही तसं, आणि मी मागितलीही नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तू बस. लोक थांबलेत, त्यांना दे."

ती तुमच्या घराकडे निघाली आहे. बाजाराच्या रस्त्यानं येतेय, सावकाश, झेनेबेच मागच्या गल्लीतून तिच्या आधी पोचेल. एतेते बेलाय्नेशना कॉफी भाजायला घालायला सांगा. समितीचं पत्र खणातून काढू नका, तिला ते नकोय. फक्त दार लावून आत बसू नका. आणि ती आली की खाली बघू नका, गाशे, यावेळी वर बघा.

मला यायचं होतं, पण अजून अठरा जण उभे आहेत.

अस्काले